घरमालकाची धास्ती आणि कुलूपबंद घरे

मुंबई-पुण्याच्या उपनगरांत उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींकडे दिवेलागणीनंतर पाहिले, तर कित्येक खिडक्यांत दिवाच लागत नाही. घरांची टंचाई आहे म्हणून एकीकडे आक्रोश चालू असतो आणि त्याच शहरात बांधून तयार झालेली घरे कुलपात पडून असतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लक्ष घरे रिकामी आढळली. महाराष्ट्राचा वाटा त्यांत सर्वाधिक, सुमारे २० लक्षांचा होता. पुढील जनगणना लांबल्याने हा आकडा शिळा झाला आहे खरा. परंतु चित्र पालटल्याचे सांगता येईल असे काही दिसत नाही. शहरांतील एकूण घरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, असे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने नमूद केले आहे.

यांतील काही घरे केवळ किंमत वाढण्याची वाट पाहत रिकामी ठेवलेली असतात. तो सट्ट्याचा भाग झाला. तथापि दुसरा एक वर्ग आहे, आणि तो लहान नाही. निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेला कारकून, परदेशी मुलाने आईवडिलांच्या नावे घेतलेली सदनिका सांभाळणारे जोडपे अशी ही मंडळी आहेत. त्यांना भाडे हवे असते. फक्त भाडेकरू एकदा आत शिरला की बाहेर निघणार नाही, ही धास्ती त्यांना झोपू देत नाही.

ही धास्ती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळातील टंचाईवरचा तो तात्पुरता उपाय होता. मुदतवाढ मिळता मिळता तो अर्धे शतक टिकला. मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही पैसे उरेनात, इमारती खचू लागल्या, आणि कायद्याने जे मिळत नव्हते ते पागडीच्या रूपाने अंधारात मिळविण्याची रीत पडली. यातून सुटण्यासाठी लोकांनी भाडेकराराऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’चा मार्ग शोधला. पण १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेच्या ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना एका फटक्यात भाडेकरूचे संरक्षण मिळाले. विश्वासाने तात्पुरती जागा दिलेल्या माणसाची ती कायमची गेली. आजच्या घरमालकाने ते दिवस पाहिलेले नसतीलही. वडिलांच्या किंवा काकांच्या तोंडून ती कथा मात्र त्याने ऐकलेली असते. कायदे बदलतात तेवढ्या वेगाने माणसांची भीती बदलत नाही, हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

वस्तुतः कायदा आता पुष्कळच बदलला आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला. जुन्या भाडेकरूंना त्यात दरसाल ४ टक्के वाढीची तरतूद झाली. चाळींच्या मालकांची दैना त्यामुळे फारशी हटली नाही, आणि त्यांचा प्रश्न हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे महत्त्वाचे आहे ते कलम २४. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत करणे त्यान्वये बंधनकारक आहे. न केल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा अडवून बसलेल्याकडून ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर समोरच्याची बाजू ऐकण्याचाही प्रश्न उरत नाही. दिवाणी दाव्याच्या पिढीजात रखडपट्टीच्या तुलनेत हा मार्ग जवळचा आहे.

असे असूनही घरमालक निश्चिंत का नाही? याचे एक कारण असे की, संरक्षणाची किल्ली ज्या कागदात आहे तोच कागद करण्याची त्याला टाळाटाळ असते. करार लेखी हवा आणि नोंदविलेला हवा, असे कलम ५५ सांगते. ही जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात; शिवाय वाद निर्माण झाल्यास अटींविषयी राहणाऱ्याचेच म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. तरीही अकरा महिन्यांचा मजकूर मुद्रांकावर टंकून, नोटरीचा शिक्का मारून आणला की काम झाले, अशी समजूत घट्ट आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली, त्यातून ही अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती कधीच बुजली आहे. वीस हजार रुपये भाडे, साठ हजार अनामत आणि तीन वर्षांची मुदत धरली, तर शहरात मुद्रांक व नोंदणीचा खर्च मिळून सुमारे तीन हजार येतो. तीन हजार वाचविण्यासाठी ऐंशी लक्षांची मालमत्ता टांगणीला लावणे याला काटकसर म्हणता येणार नाही.

अकरा महिन्यांच्या या सवयीचे अर्थकारणही तपासण्याजोगे आहे. दर वर्षी माणूस बदलला की भाडे वाढवून मिळते आणि कोणी मूळ धरत नाही, असा हिशेब केला जातो. समजा, वीस हजार देणाऱ्या जुन्या बिऱ्हाडकरूला पाच टक्के वाढ मागून ठेवून घेतले, तर वर्षाचे २ लक्ष ५२ हजार येतात. त्याला काढून दहा टक्के वाढीने, म्हणजे बावीस हजारांना नवा आणला. मधे एक महिना जागा रिकामी राहिली आणि दलालाला एका महिन्याचे भाडे द्यावे लागले, तर हाती पडतात २ लक्ष २० हजार. रंगसफेदी, गळका नळ, नव्या माणसाची चौकशी आणि नवा मनस्ताप हे वेगळेच. ज्या गुंतवणुकीवर मुळात तीन टक्क्यांच्या आसपास उत्पन्न, तीत बत्तीस हजारांची ही खोट लहान नव्हे. पाच वर्षांपर्यंतचा करार, त्यातच दरसालची वाढ लिहून ठेवलेली, ही व्यवस्था कायद्यास मान्य आहे. ती मालकाला सोयीची आहे आणि मुलाची शाळा दर वर्षी बदलावी लागू नये म्हणून धडपडणाऱ्या कुटुंबाला तर त्याहून अधिक.

भीतीची किंमत केवळ मालकच मोजतो असे नाही. तो ती अनामतीच्या रूपाने दुसऱ्यावर ढकलतो. नुकती नोकरी लागलेल्या तरुणाला सहा महिन्यांचे भाडे आगाऊ उभे करणे म्हणजे कर्जच. याहून वाईट प्रकार निवडीचा. एकटी स्त्री नको, अमुक धर्माचा नको, अमुक जातीचा नको, मांसाहारी तर नकोच. आणि यास सावधगिरी असे गोंडस नाव दिले जाते. भाडे वेळेवर देण्याचा आडनावाशी संबंध असल्याचे कोणत्याही हिशेबात आढळत नाही. पगाराचा दाखला, आधीच्या मालकाशी चार शब्द आणि पोलीस ठाण्याला दिलेली माहिती या चौकशा पुरेशा आहेत, आणि त्याच नेमक्या टाळल्या जातात. सोसायट्याही या कामी मागे नाहीत. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा आदेश राज्य सरकारने २००१ मध्येच काढला. तरी ‘हस्तांतरण निधी’, ‘भाडेकरू देणगी’ अशी निरनिराळी नावे शोधणाऱ्या कार्यकारिणी आजही भेटतात.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. निवासी जागेसाठी दोन महिन्यांहून अधिक अनामत नको, भाड्याच्या तंट्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि न्यायालय, असे त्याचे स्वरूप आहे. राज्यांवर तो बंधनकारक नाही. महाराष्ट्राच्या बाबतीत मात्र अडचण कलमांच्या तुटवड्याची नसून कलमे राबविणाऱ्यांच्या तुटवड्याची आहे. सक्षम प्राधिकाऱ्याची कार्यालये मोजकी, आणि कराराखाली आलेली घरे मात्र डोंबिवली-विरारपासून हिंजवडी-वाघोलीपर्यंत पसरलेली. कायद्यातील तीस दिवस कचेरीत किती महिन्यांचे होतात, यावरच पुढचा मालक कुलूप काढतो की ठेवतो हे ठरते. नवे न्यायाधिकरण स्थापण्यापूर्वी असलेल्या प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवावी आणि प्रलंबित अर्जांचे आकडे दरसाल प्रसिद्ध करावेत, एवढी मागणी घरमालकांच्या संघटनांनी व भाडेकरूंच्या संघटनांनी एकत्र येऊन करण्यास काही हरकत नसावी. या एका मुद्द्यावर तरी दोघांचे हित एकच आहे.