मुलांना खिडकी द्या

यंदा गावाला निघताना बॅगा, डबे, पाण्याच्या बाटल्या गाडीत चढल्या की दार लावायच्या आधी घरच्या सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवा. बाहेर उजेड आहे तोवर मुलांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही. गणपतीला कोकणात जाणारे असोत, दिवाळीला नागपूरहून पुण्याला येणारे असोत की मे महिन्यात आजोळी निघालेले, गाडीत मागून ऐकू येणारी वाक्यं तीच असतात : ‘अजून किती वेळ?’, ‘हा मला ढकलतोय’, ‘कंटाळा आला’. या तिन्हींवर मोबाईल हा झटपट उतारा वाटतो. तो काढून घेतला तर त्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते द्यायचं तर मोठ्या माणसाला स्वतः खेळावं लागतं. आपण टाळतो ते नेमकं हेच.

आधी उलटीचं बोलू, कारण मुलांबरोबरचे बरेच प्रवास तिथेच बिघडतात. गाडी वळणं घेत असते तेव्हा कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग मेंदूला कळवत असतो की आपण हलतोय. डोळे मात्र मांडीवरच्या स्क्रीनला चिकटलेले असले तर ते कळवतात की सगळं जागच्या जागी आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळायला लागतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, म्हणजे ज्या वयात आपण ‘गप्प बसेल तरी’ म्हणून मोबाईल देतो, त्याच वयात. गोष्टीचं पुस्तक वाचणं, चित्र रंगवणं, वहीत नाव-गाव-फळ-फूल लिहिणं, यांचीही तीच गत. म्हणून चालत्या गाडीतले खेळ मान वर आणि नजर बाहेर ठेवणारे हवेत. ज्याला गाडी लागते त्याला लांबचा डोंगर, दूरचं झाड, समोरचा रस्ता बघायला सांगा, निघताना पोटभर तेलकट खाऊ घालू नका आणि गोळी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून द्या.

बाहेर बघायचं तर काय बघायचं? आपल्याकडच्या रस्त्यांवर बघण्यासारखं इतकं आहे, की नुसती यादी केली तरी गाव येईल. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नद्यांचा खेळ. पनवेलहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ घ्या. कोलाडला कुंडलिका, महाडजवळ सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना, कणकवलीला गड, बांद्याला तेरेखोल. मधल्या लहान नद्या वेगळ्याच. माझ्या भाचीच्या हातात मी सुतळीचा एक तुकडा दिला होता. पूल आला की नाव मोठ्याने म्हणायचं आणि एक गाठ मारायची, एवढाच खेळ. भाद्रपदातला गढूळ, भरलेला प्रवाह, पुलावर मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या, त्यामुळे पाणी बघायला तिला भरपूर वेळ मिळत होता. वाशिष्ठीवर गाठ मारता मारता ती म्हणाली, “मावशी, ही पण डावीकडून उजवीकडेच चाललीये. सगळ्या अशाच का गं?”

कारण दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताला सह्याद्री असतो आणि उजव्या हाताला समुद्र. पाणी डोंगरातून उतरतं आणि अरबी समुद्राकडे जातं. हेच मूल पुढे कधी पुण्याहून कोल्हापूरला निघालं, की त्याला पुन्हा सुतळी द्या. नीरा, कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा. दिशा तीच, दक्षिणेची, पण पाणी आता उजवीकडून डावीकडे जाताना दिसेल, कारण या नद्या सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाने उतरतात आणि त्यांचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक असा धडा येतो तेव्हा पोरं तो पाठ करतात. दोन सुतळ्या हातात असलेल्या मुलाला तो पाठ करावा लागत नाही. उत्तर लगेच सांगू नका मात्र. दोन-तीन नद्या जाऊ द्या, त्याला अंदाज बांधू द्या. चुकीचा अंदाजही खेळातच धरा.

दुसरा खेळ नंबरप्लेटचा. एमएच ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक. ३१ नागपूर आणि ३३ गडचिरोली. आदल्या दिवशी मुलांना ही यादी तोंडी सांगा, लिहून देऊ नका. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या रस्त्यावर मुंबई-ठाण्याच्या ०१ ते ०५, नवी मुंबईच्या ४३, वसईच्या ४८ अशा गाड्यांची रीघ असते, त्यांना एकेक गुण. विदर्भातली किंवा खानदेशातली गाडी दिसली तर पाच. गडचिरोलीची दिसली तर दहा, आणि ज्याने पाहिली त्याच्याकडून पुढच्या टपरीवर सगळ्यांना चहा, पैसे बाबांचे. जीए, केए, जीजे वेगळे मोजा. बीएच मालिकेची पाटी आकड्यानेच सुरू होते, कारण पहिले दोन अंक गाडीच्या नोंदणीचं वर्ष सांगतात. पाटीचे रंगही बोलतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळ्यावर काळी म्हणजे भाड्याची, हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी. थोड्या मोठ्या मुलांना शेवटच्या चार आकड्यांतून दहा करायला सांगा. ३२४५ : तीनातून दोन गेले, उरला एक, त्यात चार आणि पाच मिळवले, झाले दहा. सगळ्या पाट्यांचं असं होत नाही, पण होत नाही हे ठरवायलाही डोकं चालवावं लागतंच.

एसटी दिसली की पाटी वाचायची आणि बाजूला लिहिलेलं आगाराचं नाव शोधायचं, हा खेळ इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी मी मुद्दाम सुचवते. घरी मराठी वाचायला बसवलं तर तोंड वाकडं करणारी मुलं धावत्या लाल गाडीवरचं ‘अर्नाळा’ नाहीतर ‘अक्कलकोट’ जोडाक्षरासकट वाचून काढतात, कारण समोरची गाडी निघून जायच्या आत वाचायचं असतं. गावांच्या पाट्यांचंही तसंच. एकाने वाडीवर संपणारी गावं गोळा करायची, दुसऱ्याने पूरवर, तिसऱ्याने गाववर. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड जिथे अजून उभे आहेत तिथे त्यांचा माथा बघायला सांगा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. ‘अजून किती वेळ?’ हा प्रश्न ज्या मुलाचा असेल त्यालाच या दगडांचं काम द्या. चिपळूण ४० असं दिसलं, गाडी ताशी पन्नासने चालली आहे, तर किती वाजता पोचू? दर दगडाला तो हिशेब नव्याने करील आणि तुम्हाला विचारायचं थांबून तुम्हालाच सांगायला लागेल.

अगदी लहानांना हे काही नको. चार वर्षांच्या आतल्या मुलाला गाई मोजू द्या, देऊळ दिसलं की हात जोडू द्या, लाल गाडी दिसली की टाळी वाजवू द्या. तोच खेळ ते पन्नास वेळा खेळेल. कंटाळा आपल्याला येईल, त्याला नाही.

भेंड्यांबद्दल वेगळं सांगायला नको, तरी एक आग्रह आहे. गाण्याच्या भेंड्यांत आजी-आजोबांना नुसतं श्रोते म्हणून बसवू नका, प्रत्येक गटात एक जुना माणूस घ्या. ‘ळ’ आला तर ‘ल’ चालेल का, ‘ण’ला ‘न’ घ्यायचा का, हे आधीच ठरवून घ्या. त्याच त्या गाण्यांनी कंटाळलात तर गावांच्या भेंड्या लावा, पण अट अशी की ज्या गावात आपलं कोणीतरी राहतं तेच गाव चालेल. मग ‘लांज्यात आपलं कोण?’ यावरून आत्याच्या सासरची सगळी हकिगत निघते. मुलांना आपले नातेवाईक लग्नातल्या गर्दीत जेवढे कळत नाहीत तेवढे अशा वेळी कळतात.

भांडणं होणारच. दोन भावंडांना एकमेकांविरुद्ध खेळवलंत तर तिसऱ्या डावाला रडारड ठरलेली, त्यातून वयात अंतर असेल तर धाकट्याचा रोजचाच पराभव. त्यापेक्षा दोघांना एका बाजूला घ्या. पनवेल ते महाड आपण सगळे मिळून वीस जिल्ह्यांच्या गाड्या शोधू शकतो का? शोधल्या तर आपण जिंकलो, नाही तर रस्ता जिंकला. हरलं तरी कोणी कोणाला चिडवत नाही.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी हे आपल्यासाठी नाही असं मानू नये. एसटीत खिडकी मोठी असते आणि बसायची जागा उंच, त्यामुळे नद्या, पाट्या, दगड तिथून जास्त चांगले दिसतात. फक्त आवाज बेताचा ठेवायचा, हात-डोकं बाहेर काढू द्यायचं नाही, आणि शेजारच्या प्रवाशाची हरकत नसेल तर त्यालाही खेळात घ्यायचं.

समृद्धी महामार्गासारख्या रस्त्याची गोष्ट निराळी. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, १० जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. वेळ वाचतो हे खरं, पण रस्ता गावं टाळून जातो, म्हणून ना बाजार दिसतो, ना एसटीचा थांबा. अशा ठिकाणी मनातले खेळ लागतात. एकाने मनात एक वस्तू धरायची, बाकीच्यांनी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर येईल असे वीस प्रश्न विचारायचे. किंवा गोष्टीची साखळी : पहिलं वाक्य आजोबांचं, दुसरं नातीचं, तिसरं आईचं, आणि कोणाचंही वाक्य खोडायचं नाही. इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना तो पार व्हायला किती मिनिटं लागतील याची पैज लावा. दिवस मावळला, बाहेर काही दिसेनासं झालं, की मोबाईलवर गोष्ट ऐकायला लावा. ऐकायला, बघायला नव्हे. डोळे मोकळे राहिले की मळमळ होत नाही आणि झोपही लागते.

आता सुरक्षिततेचं, आणि इथे सवलत मागू नका. चालक खेळात नसतो. त्याने गाणं म्हणावं, पण ‘बाबा, इकडे बघा ना’ हे वाक्य गाडीत बंद. घाट सुरू झाला, धुकं आलं, पाऊस वाढला की खेळ थांबवायचा, आणि हे मुलांना निघतानाच सांगून ठेवायचं, म्हणजे ऐन वळणावर ओरडावं लागत नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांची खास सीट न लावता नेलं तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कोणत्याही आईच्या हातांना धरून ठेवता येत नाही. छताची काच उघडून मुलांना उभं करणारे पालक हल्ली दर सुट्टीत दिसतात. त्यांना हात जोडून सांगते, हा खेळ नाही. मुलांच्या हातात टोकदार पेन्सिली, जड खेळणी देऊ नका. सुतळी द्याल तीही वीतभरच द्या, आणि अगदी लहान मुलाला नकोच. धावायचं असेल तर दर दोन तासांनी गाडी थांबवा, पण महामार्गाच्या कडेला नाही. हॉटेलच्या, नाहीतर देवळाच्या आवारात आत घ्या, रस्त्यापासून लांब, आणि मुलांना दहा मिनिटं पकडापकडी खेळू द्या. तुम्हीही पळा.

घरोघरी एक चुकीची रीत पडून गेली आहे. एक मोठा माणूस गाडी चालवतो, दुसरा शेजारी बसून फोनवर असतो, आणि मागे मुलं एकटी. मागे वळून वळून खेळ रंगत नाही, बाहेर काय दिसतंय ते दाखवताही येत नाही. दर टोलनाक्याला बदली करा, कधी काका, कधी आई, कधी आजी, पण दोन मुलांच्या मध्ये मोठं कोणीतरी असू द्या, आणि खिडक्या मुलांना द्या. या सुट्टीत निघाल तेव्हा पुढची सीट सोडा आणि मागे जाऊन बसा.