मानपत्र आणि घड्याळ

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एका धावपटू विद्यार्थिनीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि मानपत्र असा रीतसर बेत होता. मानपत्र लिहिण्याचे काम अर्थातच मराठी विभागाकडे, म्हणजे आमच्याकडे आले. 'वायुवेग', 'दुर्दम्य जिद्द', 'प्रतिकूलतेवर मात' अशा हुकमी शब्दांनी आम्ही तो कागद भरला, अध्यक्षांनी तो वाचला, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती मुलगी विभागात आली आणि संकोचत म्हणाली, "सर, यात माझी वेळ कुठेच नाहीये." ती किती मीटर धावली आणि किती वेळात, हे आम्ही तिला विचारलेच नव्हते.

नाशिक जिल्ह्यातील खेळाडूंचे एक कायमस्वरूपी कीर्तिदालन, ज्याला इंग्रजी जगात हॉल ऑफ फेम म्हणतात तसे, असायला हवे या मताचे आम्ही आहोत. परंतु हे मत मांडू लागलो की ती मुलगी आठवते आणि दालनाच्या भिंतींआधी त्या भिंतींवरच्या मजकुराची काळजी वाटू लागते.

दालन हवे कशासाठी? आपल्या शहरातील मैदानांची नावे पाहावीत. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, छत्रपती शिवाजी स्टेडियम, मीनाताई ठाकरे स्टेडियम. यांतले एकही नाव खेळाडूचे नाही. या नावांविषयी आमची तक्रार नाही. पण ज्या मातीत मुले रोज सकाळी घाम गाळतात, तिथे त्यांच्याआधी कोण धावले, कोण खेळले, याची खूण नसावी हे खटकते. लेखकांच्या बाबतीत हेच शहर इतके विस्मरणशील नाही. १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय येथे आहे, कुसुमाग्रजांचे स्मारक आहे, १९९१ पासून एक वर्षाआड दिला जाणारा जनस्थान पुरस्कार आहे. त्याच प्रतिष्ठानच्या 'गोदावरी गौरव' सन्मानात साहित्याबाहेरच्या क्षेत्रांना, त्यांत क्रीडेलाही, जागा आहे, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. एका कवीच्या नावाने चाललेल्या संस्थेला जे सुचले, ते जिल्ह्याला सुचू नये असे काही नाही.

कूपरस्टाउन या अमेरिकन गावात १९३९ साली बेसबॉलचे जे दालन उघडले, त्याची एक गोष्ट साहित्याच्या माणसाने लक्षात घेण्यासारखी आहे. तेथील प्रत्येक खेळाडूच्या कांस्यफलकावर मोजक्या ओळींचा मजकूर असतो आणि त्यात विशेषणांपेक्षा वर्षे आणि आकडे अधिक असतात. निवडही मुख्यतः खेळावर वर्षानुवर्षे लिहिणारे लोक करतात आणि तीनचतुर्थांश मते मिळाल्याखेरीज कोणालाही प्रवेश मिळत नाही. म्हणजे त्या दालनाचा पाया लेखणीने घातलेला आहे. आपल्याकडे पाया फ्लेक्सवाला घालतो.

आता कविता राऊत. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाली. तिच्यावरचा कोणताही मराठी लेख काढावा. त्यात अनवाणी पाय, डोंगरवाट आणि पाण्याचा हंडा हमखास सापडतो. हे खोटे नाही. पण वाचकाच्या मनात हंडा राहतो आणि घड्याळ पुसले जाते. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटर अंतर ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत धावून कांस्यपदक मिळवले; राष्ट्रकुल स्पर्धांत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्यानंतर दीड महिन्याच्या आत ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर तिने ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले आणि रौप्यपदक घेतले. सुवर्ण मिळवणाऱ्या प्रीजा श्रीधरनची वेळ होती ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद. पंचवीस फेऱ्यांनंतर दोन भारतीय स्त्रियांमध्ये एका सेकंदाहूनही कमी अंतर! आणि दिल्लीपेक्षा सव्वा मिनिटाच्या आसपास कमी झालेली वेळ. या दीड महिन्यात काय घडले, कोणता सराव झाला, प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी शर्यत कशी आखली, शेवटच्या फेरीत तिला काय दिसत होते? हा खरा कथाविषय आहे. हंड्याची गोष्ट सांगून आपण तिचे दारिद्र्य गौरवतो; सव्वा मिनिटाची गोष्ट सांगितली तर तिची बुद्धी, तिचे कसब गौरवले जाईल.

दत्तू भोकनळबाबतही हेच घडले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा हा तरुण वडिलांबरोबर विहिरी खोदत असे. सैन्यात गेल्यावर त्याने वल्हे हाती घेतले. दुष्काळी गावचा माणूस पाण्यावर पदके मिळवतो, या विरोधाभासाचा मोह कोणत्या लेखकाला सुटेल? आम्हालाही सुटला नाही, हे या वाक्यांवरून दिसतेच. पण २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदक मिळवणाऱ्यांत तो होता, आणि एकट्याने वल्हवणे व चौघांनी एका लयीत वल्हवणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे मराठीत कोणी विस्ताराने लिहिले असेल तर ते आमच्या वर्गापर्यंत पोहोचलेले नाही.

दालन उभे राहिलेच तर पहिला वाद 'नाशिकचा कोण' यावर होईल, आणि तो व्हावा. बापू नाडकर्णी १९३३ साली नाशिकमध्ये जन्मले. कीर्ती मुंबईची आणि भारताची. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग एकवीस निर्धाव षटके टाकली. त्या डावातील त्यांचा हिशेब ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद १२२ धावाही केल्या, पण ते कोणी सांगत नाही. उलट, जानेवारी २०२० मध्ये नाशिककडून महाराष्ट्र केसरी झालेला हर्षवर्धन सदगीर मूळचा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा. जन्माने एक आपला, कुस्तीने दुसरा आपला. आमच्या मते दोघेही दालनात असावेत. जिल्ह्याची हद्द महसूल खात्यासाठी ठीक आहे. शिवाय विदित गुजराथीच्या २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमधील सांघिक सुवर्णामुळे बुद्धिबळ हा खेळ की विद्या, हा जुना प्रश्नही निघेलच.

उशिराची किंमत काय असते, हे खाशाबा जाधवांच्या उदाहरणाने महाराष्ट्राला कळलेले आहे. १९५२ चे हेलसिंकीचे कांस्य, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. पुढे त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडादिन झाला. तो पाहायला ते नव्हते. कविता, दत्तू आज आपल्यात आहेत. त्यांचे प्रशिक्षक, सोबती, शाळेतील शिक्षक यांना भेटता येते, विचारता येते.

येथे मराठी विभागांचा संबंध येतो. मराठी वृत्तपत्रांत क्रीडापानाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर मूळ नाशिकचेच. २०२३ मध्ये ते गेले. आपल्या अभ्यासक्रमांत चरित्र हा वाङ्मयप्रकार आहे, पण खेळाडूचे चरित्र अभ्यासायला लावल्याचे आम्हाला स्मरत नाही. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने मागे आपल्या पाड्यावरील कबड्डी संघावर प्रकल्प करू का, असे विचारले होते. आम्ही त्याला ग्रामीण कादंबरीकडे वळवले. त्याने मुकाट्याने तो प्रकल्प पूर्ण केला आणि चांगले गुणही मिळवले.

यंदा एम.ए.च्या प्रकल्पांत जिल्ह्यातील खेळाडूंच्या मुलाखती आणि चरित्रलेखन घ्यायचे आम्ही ठरवले आहे. अट एकच : पहिल्या पानावर अंतर, वेळ, धावा, गुण, तारीख, ठिकाण, घरची परिस्थिती त्यानंतर. दालन होईल तेव्हा होईल, मजकूर तयार असावा. पहिल्या दहा नावांवर आमच्या विभागातच अद्याप एकमत नाही. एका सहकाऱ्यांचा नाडकर्णींना विरोध आहे. जन्मगावाशी त्यांचा पुढे खेळापुरता संबंध किती राहिला, असे ते विचारतात. ती चर्चा पुढच्या शनिवारी पुन्हा व्हायची आहे.