वादळाचा डोळा लांब, म्हणून आपण निर्धास्त?

चक्रीवादळाची बातमी आली की गावात पहिला प्रश्न एकच, 'धडकणार कुठं?' ठिकाण शेजारच्या जिल्ह्यातलं निघालं की पारावरची माणसं उठून घरी जातात, आणि पंचायतीत आलेला इशाऱ्याचा कागदही फाइलीत जातो. माझा आक्षेप या सवयीलाच आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं उदाहरण बघा. ९ ऑक्टोबर २०२४ ला 'मिल्टन' वादळ रात्री पश्चिम किनाऱ्यावर धडकलं. पण त्याआधी काही तास, दुपारीच, पलीकडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट लुसी काउंटीत टोर्नेडो उतरला आणि वयस्कर लोकांच्या एका वसाहतीत सहा जण दगावले. घरं हलकी, तयार आणून ठेवलेली. त्या दिवशी राज्यात चाळीसहून जास्त टोर्नेडो झाले. १९६७ च्या 'ब्यूला' आणि २००४ च्या 'आयव्हन' वादळात तर शंभराच्या वर!

हे होतं कसं? समुद्रावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं. जमिनीवर आला की झाडाघरांना घासून खालचा वारा मंदावतो, वरचा मात्र तसाच पळतो. मग मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. पावसाच्या पट्ट्यातला ढग ती वर ओढतो, लाटणं उभं राहतं, बारीक होतं आणि गरगरतं. उन्हाळ्यातली आपली वावटळ तापल्या जमिनीवरून उठते. हा भोवरा ढगातून खाली येतो. आपल्या उत्तर गोलार्धात तो बहुतेक वेळा वादळाच्या वाटेच्या उजव्या, पुढच्या अंगाला होतो, आणि डोळ्यापासून शेकडो किलोमीटर लांबही. आयुष्य काही मिनिटांचं, त्यात पावसाआड लपलेला. इशारा द्यायला बहुतेकदा फार कमी वेळ मिळतो.

हे फक्त अमेरिकेत घडतं असं समजू नका. 'यास' वादळ २६ मे २०२१ ला ओडिशात धडकलं. आदल्या दिवशी पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठच्या चिन्सुरा आणि हालिशहर भागात टोर्नेडोनं घरं मोडली. तो भाग वादळाच्या उजव्या अंगालाच होता.

कोकणात असा भोवरा उतरेलच, असं मी म्हणत नाही. पण त्याच महिन्यात 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकलं आणि गुजरातेत धडकलं, तेव्हा उजव्या अंगाला कोकणच होतं. डोळा समुद्रात, आणि आंब्या-नारळाची झाडं आपली आडवी!

म्हणून तहसीलच्या निरोपात 'कुठं धडकणार' एवढंच नको, वाटेच्या उजवीकडे कोणते तालुके येतात तेही लिहा. सरपंचांनीही ते विचारून घ्यावं. आणि त्या तालुक्यांत पत्र्याच्या घरातली माणसं स्लॅबच्या शाळेत न्यायची, शेडखालची जनावरं सोडायची, ती पहिला पट्टा येण्याआधी, उजेडात.