गायरान फोडलं तिनं, नाव लागलं कुणाचं?



अमेरिकेच्या पश्चिमेला छकड्यातून जाऊन माळावर घर बांधणाऱ्या कुटुंबांच्या गोष्टी आपल्याकडेही कौतुकानं वाचल्या जातात. कष्टाळू बाप, सोशिक आई, ओसाड माळ. पण माळ ओसाड नव्हता. लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डरच्या आईबापांनी १८६९ साली कॅन्ससमध्ये घर बांधलं ते ओसेज आदिवासींच्या जमिनीवर. दुसरीही एक गोष्ट झाकलेली राहते. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे, पण ती 'कुटुंबप्रमुखा'ला. विधवेला, एकट्या बाईला अर्ज करता येई. नवऱ्याच्या बरोबरीनं राबणाऱ्या बाईला मात्र नाही! १८८० साली डाकोटात इंगल्स कुटुंबानं जमीन धरली, तेव्हा अर्जावर नाव बापाचंच होतं.

आता आपल्या परभणीच्या माळावर या. इथला गायरानधारक काही कुणाला हुसकून आलेला नाही. गावकुसाबाहेर ठेवलेली, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेली ही माणसं. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांत बाया लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. त्या लढ्यांच्या जोरावर मराठवाड्यात गायरानं कसली गेली. तेव्हा अमेरिकेतल्या वसाहतवाल्याशी यांची तुलना कुणी करू नये. पण घराच्या आत डोकावलं तर गोष्ट तीच निघते.

बरड जमिनीतले दगड वेचले कुणी? बाभळी तोडल्या, कुंदा खणला कुणी? गावातली धनदांडगी माणसं ज्वारीत गुरं घालायला आली तेव्हा बांधावर आडवं कोण झालं? बाईच. आणि तलाठ्याच्या १-ई नोंदवहीत, दंडाच्या पावतीवर नाव कुणाचं? नवऱ्याचं. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला, तेव्हा पुरावा म्हणून हेच कागद चालले. म्हणजे ज्याचं नाव पावतीवर, त्याचाच हक्क.

गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. माणसं दोन, कोयता एक, उचल नवऱ्याच्या हातात. गायरानावरही तोच हिशेब!

"आधी जमीन तर मिळू द्या, बाईचं नंतर बघू," असं आपलेच कार्यकर्ते सांगतात. हे 'नंतर' कधी येतं? एकदा नाव चढलं की पिढी जाते. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. पण नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीत बायकोला मालकी नाही. त्यानं दुसरी बाई आणली, हिला हाकललं, की जिनं माळाचं रान केलं तीच दुसऱ्याच्या रानात रोजानं खुरपायला जाणार. परित्यक्तांच्या बैठकीत बसणाऱ्या आपल्याला हे नव्यानं सांगायला हवं का?

आणि ही मागणी काही जगावेगळी नाही. नवराबायकोच्या संयुक्त नावानं पट्टे द्यावेत असं सहाव्या पंचवार्षिक योजनेतच म्हटलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांचा पट्टा दोघांच्या नावानं द्यायचा असं स्पष्ट लिहिलं आहे. मग जंगलात जे चालतं ते गायरानात का चालू नये?

२०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानधारकांना नोटिसा निघाल्या. मोर्चे निघाले, बाया पुढं होत्या. निवेदनाला जोडलेली यादी मात्र पुन्हा 'कुटुंबप्रमुखां'ची! ती यादी तहसीलदारानं केली नव्हती. ती आपण केली होती.

म्हणून सुरुवात आपल्यापासून करू या. यापुढे संघटनेच्या प्रत्येक यादीत, प्रत्येक अर्जावर बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं हवं. विधवा, परित्यक्ता, एकटी बाई हिचा अर्ज स्वतंत्र हवा. पीकपाहणीच्या वेळी बाईनं स्वतः बांधावर उभं राहावं आणि आपलं नाव सांगावं. जी संघटना हे मान्य करणार नाही, तिच्या मोर्चात गर्दी करायला आपण का जायचं?

घाम दोघांचा, तर सातबाराही दोघांचा!