बैलाच्या विश्रांतीचं काय?

पोलोतला एक डाव सात-साडेसात मिनिटांचा. त्याला चक्कर म्हणतात. चक्कर संपली की खेळाडू ताज्या घोड्यावर बसतो आणि दमलेल्याला मोतद्दार बाजूला नेतो. नेटफ्लिक्सवरची ‘पोलो’ ही पाच भागांची मालिका पाहताना माझी नजर या मोतद्दारांवरच खिळली.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेली ही मालिका ब्रिटनचे राजपुत्र हॅरी आणि मेगन यांच्या कंपनीची. फ्लोरिडातल्या वेलिंग्टनची अमेरिकी ओपन स्पर्धा तिचा विषय. अडोल्फो कांबियासोसारखा जगविख्यात खेळाडू आणि त्याचा मुलगा पोरोटो तिथं समोरासमोर उभे ठाकतात. बापलेकांची चुरस रंगते, बंगले दिसतात, रुसवेफुगवे दिसतात. मला मात्र पागेत जास्त वेळ काढायचा होता. याच कांबियासोनं २०१६ साली अर्जेंटिनात पालेर्मोच्या मैदानावर मोठी स्पर्धा जिंकली, ती क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर बसून. जनावराच्या रक्ताची एवढी किंमत मोजणाऱ्यांची पागा कशी चालते, हे कुणाला बघावंसं वाटणार नाही?

मी म्हसवडचा. सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. माणदेशातल्या खिलार जातीच्या बैलांच्या एका प्रकाराला आमच्या गावाचंच नाव आहे. पाऊस कमी, चारा कमी, माळ मोठा. त्यातून हा काटक, लांब शिंगांचा, वाऱ्यासारखा बैल घडला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि बैलगाडा शर्यती थांबल्या. ट्रॅक्टरनं नांगरट आधीच हिरावलेली, त्यात शर्यतही गेली. खोंड सांभाळायचं कारणच उरलं नाही. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला, आणि खरसुंडीच्या बाजारात खोंडाकडं पुन्हा आदरानं पाहिलं जाऊ लागलं. शर्यत टिकली म्हणून खिलार टिकला, हे मी छातीठोकपणे सांगतो.

म्हणूनच पुढचं सांगणं माझं कर्तव्य आहे. पोलोचा घोडा चक्कर संपली की बदलतो; आमच्याकडच्या मैदानात मात्र तीच बैलजोडी आधी गटात पळते. गट पास झाली की सेमी, मग फायनल, सगळं एकाच दिवशी, आणि बहुतेक वेळा उन्हाच्या कडाक्यात. संध्याकाळी बैल टेम्पोत चढतो. पुढचं मैदान जवळच असेल तर चार दिवसांत पुन्हा छकड्याला जुंपला जातो. मालक प्रेम करत नाही असं मुळीच नाही. दूध, अंडी, भरडा, तो स्वतःच्या तोंडचा घास बैलाला देतो. पण बक्षिसाला ट्रॅक्टर किंवा मोटारगाडी लागली की भावकी, गाव, मित्र सगळे म्हणतात, ‘एवढं एक मैदान मारू द्या.’ एकट्या मालकाला हा आग्रह मोडवत नाही. तिथं नियमच पाठीशी हवा.

बैल बोलत नाही, शिवाय खिलार दमल्याचं दाखवतही नाही. नाकपुड्या रुंदावतात, कुशी भात्यासारखी उडते, अंगाचा ताप १०१-१०२ अंश फॅरनहाइटच्या नेहमीच्या मर्यादेच्या वर चढतो. एवढं मोजायला थर्मामीटर आणि दहा मिनिटं पुरतात. माझं म्हणणं असं, की प्रत्येक शर्यतीच्या बैलाचं एक कार्ड असावं. त्यावर वय, मागच्या मैदानाची तारीख, त्या दिवशी किती फेऱ्या पळाला, सेमीआधी ताप किती, हे डॉक्टरनं सहीनिशी लिहावं. दोन मैदानांमध्ये किमान आठ दिवस जावेत. आदत, म्हणजे अजून दुधाचे दात असलेल्या खोंडाला याहून जास्त सवलत द्यावी, त्याचे सांधे अजून भरत असतात. कार्ड नसेल तर जोडीची चिठ्ठी टाकू नये.

पोलोवाल्यांकडं पैसा आहे, एकेका खेळाडूमागं घोड्यांची रांग आहे. आमच्या शेतकऱ्याकडं एकच बैल असतो, कर्ज काढून घेतलेला. त्याला बदली बैल परवडणार नाही, पण आठ दिवसांची विश्रांती परवडेल. यात्रा समित्यांनी पुसेगावच्या यात्रेतल्या मैदानापासून सुरुवात करावी. कार्ड तपासायला निवृत्त माणसं लागली तर आमच्यासारखे बरेच जण मैदानावर उभे राहायला तयार आहेत.