महागाई फक्त आम्हालाच होते काय?

२०२३ च्या उन्हाळ्यात मी पाटण्यात होतो. आमच्या वसाहतीत धुणीभांडी करणाऱ्या एका विधवा बाईंनी विजेचे बिल माझ्यापुढे धरले आणि विचारले, "साहेब, यासाठी सरकारकडून काही मिळत नाही का?"

जे मिळण्यासारखे होते ते त्यांना मिळतच होते. विधवा निवृत्तिवेतन, दरमहा ४०० रुपये. त्यातले ३०० केंद्राचे, १०० राज्याचे. अनुदान वजा जाताही गॅसचा एक सिलिंडर भरायला दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन पुरत नव्हते. विजेचे बिल त्यानंतरचे.

राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. वृद्धांसाठी केंद्राचा वाटा तेव्हा ७५ रुपये होता. २००६ साली तो २०० झाला. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांसाठी तो २०२५ सालीही २००च होता. विधवांचे ३०० रुपये आणि घरातला कमावता माणूस गेल्यावर मिळणारे २०,००० रुपये, हे दोन्ही आकडे २०१२ सालचे. २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक २०२४ साली १९० च्या घरात होता. म्हणजे त्या ३०० रुपयांची खरेदीशक्ती १६० च्या आसपास उरली. कोणीही कपातीचा आदेश काढला नाही. कपात मात्र झाली.

आता माझे पाहा. माझा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै अशा दोन तारखांपासून सुधारला जातो. २०१६ साली शून्यापासून मोजायला सुरुवात झालेला हा भत्ता जानेवारी २०२४ मध्ये मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवर पोहोचला. त्यासाठी मला अर्ज करावा लागला नाही की कोणापुढे बिल धरावे लागले नाही.

यावर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, राज्ये भर घालतातच. खरे आहे. बिहारने २०२५ साली ही रक्कम ४०० वरून ११०० केली. परंतु विधानसभा निवडणुकीला काही महिने उरले असताना. गरिबाची भाववाढ निवडणुकीच्या वेळापत्रकाने भरून निघत असेल, तर त्याला धोरण म्हणता येणार नाही. दुसरे उत्तर, पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न माझ्या भत्त्याच्या वेळी कोणी विचारत नाही. तो दायित्व ठरतो आणि हे साहाय्य मात्र कृपा!

उपाय अवघड नाही. माझ्या भत्त्याचा निर्देशांक काढणारे श्रम ब्यूरोच शेतमजूर व ग्रामीण मजुरांचेही निर्देशांक काढते. त्यांना ही रक्कम जोडावी आणि दरवर्षी ती आपोआप वाढावी.

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांत माझ्यासारखे भत्ताधारी पुष्कळ असतील. पुढचा हप्ता जमा होईल तेव्हा आपल्या घरी काम करणाऱ्या बाईंना एवढेच विचारावे, "तुमचा किती वाढला?"