लिटर मोजा, भांडी नकोत

महाराष्ट्रात विनापरवाना दारू तयार करणे हा गुन्हा आहे, हे कुणाला सांगायला नको. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे कलम ६५ आणखी पुढे जाते. मादक पेय तयार करण्याच्या हेतूने सामग्री, भांडी, अवजारे किंवा कोणतेही उपकरण वापरणे, ठेवणे किंवा नुसते जवळ बाळगणे हाही त्यात गुन्हाच आहे. सूट आहे ती ताडीला. म्हणजे पेयाचा एक थेंबही तयार झालेला नसला, तरी हेतू सिद्ध झाला की पातेले मुद्देमालात जमा. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हातभट्टी होती आणि त्या काळात ते समजण्यासारखेही होते. आज मात्र त्याच जाळ्यात घरच्या ओट्यावर वीस लिटर बिअर करू पाहणारा हौशी माणूसही सापडतो. माझे म्हणणे एवढेच, की घरगुती बिअरपुरते कायद्याने भांड्यांकडे पाहणे सोडावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: किती लिटर केली, आणि विकली का? जिथे हे झाले तिथे लोकांनी भांडी उघडपणे बनवली आणि म्हणून ती चांगली बनवली, हा या मागणीमागचा मुख्य आधार आहे.

तो आधार अमेरिकेत सापडतो. तिथे १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअर मात्र पुढची पंचेचाळीस वर्षे बेकायदाच राहिली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ही विसंगती संपवली. एका प्रौढ माणसामागे वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात दोनशे गॅलन बिअर करमुक्त झाली. अट एकच, विकायची नाही. पातेले कशाचे असावे, नळी किती लांब असावी, याच्या फंदात तो कायदा पडला नाही. काही राज्यांनी आपापली बंदी चालूच ठेवली. मिसिसिपी आणि अलाबामा तर २०१३ मध्ये वाटेवर आली. ब्रिटनने १९६३ मध्येच घरी बिअर करण्यासाठी लागणारा, पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या काळापासूनचा परवाना रद्द केला होता.

मुभा मिळाल्यावर लोकांनी काय बनवले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. बिअर करायची तर मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवावे लागते. त्या तासात मोड आल्यामुळे धान्यात तयार झालेली विकरे पिठुळाची साखर करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरांना ही करामत अनोळखी नाही. अडचण तापमानाची. पातेले आचेवर ठेवले तर ७५ अंशांच्या पुढे जाऊन विकरे निकामी होतात, खाली उतरवले तर ते निवत जाते. अमेरिकन हौशी लोकांनी यासाठी सहलीला बर्फ न्यायचा जाड भिंतींचा डबा उचलला. थंडी आत ठेवणारा डबा उष्णताही आत ठेवतोच. त्याच्या तोटीला आतून त्यांनी बेसिनखाली असते तशी, स्टीलच्या जाळीचे वेष्टण असलेली लवचीक नळी जोडली. तिच्या पोटातली प्लास्टिकची नळी ओढून काढली की उरते ती बारीक विणीची पोकळ जाळी. पहिले गढूळ पाणी परत वर ओतले की धान्याचा थरच गाळणीचे काम करू लागतो आणि खालून नितळ गोड रस येतो. तो रस हॉप्स ही कडवट फुले घालून तासभर उकळायचा आणि मग झटपट थंड करायचा, कारण कोमट अवस्थेत तो जितका रेंगाळेल तितकी नको त्या जंतूंना संधी. त्यासाठी एसी दुरुस्त करणाऱ्याकडे असते तसली तांब्याची नळी एखाद्या डब्याभोवती गुंडाळून वेटोळे केले, ते उकळत्या पातेल्यात बुडवले आणि आतून नळाचे पाणी सोडले. एकोणीस लिटर रस अर्ध्या तासाच्या आसपास यीस्ट घालण्याजोगा होतो. (एप्रिलात आपल्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने तो होणार नाही, आधी बर्फातून फिरवलेले पाणी लागेल.) आंबवण्यासाठी झाकणाची फूड-ग्रेड बादली आणि जुन्या फ्रिजला जोडलेला स्वस्त तापमान-नियंत्रक. यात महागडे काही नाही. पण ज्याने हे हाताने जोडले त्याला प्रत्येक भाग कशासाठी आहे हे कळलेले असते, आणि ते कळणे तयार यंत्राच्या खोक्यात मिळत नाही.

या जोडाजोडीतून केवळ हौस भागली असती तरी हरकत नव्हती, पण तेवढ्यावर थांबले नाही. अमेरिकी नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये घरी बिअर करायला शिकलेल्या जॅक मॅकॉलिफने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी उभी केली. बाजारात त्या आकाराची यंत्रेच नव्हती, म्हणून त्याने कोकाकोलाच्या सिरपची जुनी स्टीलची पिंपे आणून स्वतः वेल्डिंग केले. ब्रुअरी काही वर्षांत बंद पडली. पण तिच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या केन ग्रॉसमनने दूध डेअरीच्या जुन्या टाक्या जोडून १९८० मध्ये चिको गावात सिएरा नेवाडा सुरू केली, आणि ती आज देशातल्या मोठ्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शंभराच्या आत ब्रुअरी उरल्या होत्या, आज त्या नऊ हजारांच्या वर आहेत. याचे सारे श्रेय घरगुती भांड्यांना देणे अतिशयोक्ती होईल; करसवलती होत्या, बदललेली चव होती. तरी नव्या ब्रुअरी काढणाऱ्यांची पहिली शाळा घरातले पातेले होते हे त्यांच्यातले कितीतरी जण स्वतःच सांगतात. आपल्याकडे पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा तिचा ब्रूमास्टर जर्मन होता. त्यात गैर काही नाही, पण शाळाच बेकायदा असेल तर शिक्षक बाहेरूनच आणावा लागणार.

आता उलट बाजूचा पुरावा. भांडे बाळगणेच गुन्हा असते तिथे भांडे निवडण्याची कसोटी बदलते: धाड पडली की टाकून पळता आले पाहिजे. अमेरिकेत चोरून दारू गाळणारे वाफ थंड करायला मोटारीचे जुने रेडिएटर वापरत, आणि त्यांच्या सांध्यांतल्या शिशामुळे पिणाऱ्यांना शिशाची विषबाधा होई. आपल्या हातभट्टीचे गंजके पिंप नाल्याकाठी, झुडपात असते. ते चकचकीत स्टीलचे असावे अशी अपेक्षा कोण करील? कायद्याच्या धाकाने दारू थांबली नाही, भांडे तेवढे घाण झाले.

इथे लगेच मालवणीचे नाव निघेल आणि निघायलाच हवे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. पण ती माणसे मिथेनॉलने मेली, आणि ते कारखान्यांसाठी बनणारे रसायन होते, विक्रीच्या दारूत घातलेले. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते, आणि तिथे ते साठवून दाट करणारी क्रियाच नसते. दाट करण्याचे काम ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे गाळण्याचे. १९७८ च्या अमेरिकन कायद्यानेही घरी गाळायला मुभा दिली नाही, आणि मीही ती मागत नाही. शेजारच्या गोव्यात काजूच्या हंगामात हुर्राक आणि फेणीच्या भट्ट्या परवान्यावर चालतात. म्हणजे लहान उत्पादकावर देखरेख ठेवणे उत्पादन शुल्क खात्याला अशक्य नाही. इथे तर प्रश्न गाळण्याचाही नाही, निव्वळ आंबवण्याचा आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: घरगुती उपकरण खुद्द बनवणाऱ्यालाच धोक्याचे असते. खरे आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीतले जस्त आंबट रसात उतरते. स्वस्त पितळी तोट्यांत शिसे असते. अर्थिंग नसलेला पाणी तापवायचा रॉड जीव घेऊ शकतो. बाटली भरताना साखर जास्त पडली की काच फुटते. पण या प्रत्येक धोक्यावरचा उपाय साधा आहे आणि तो पसरतो उघड बोलण्याने, छापील पुस्तकांनी, दुकानदाराच्या सल्ल्याने. चार्ली पापाझियनचे घरी बिअर करण्याचे प्रसिद्ध पुस्तक १९८४ मध्ये, म्हणजे कायदा बदलल्यानंतर सहा वर्षांनी आले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी त्यावरून स्वच्छता शिकली. जे करणे गुन्हा आहे त्याची सुरक्षानियमावली कोण छापणार? राहिले जंतू. हॉप्स, आम्लता आणि अल्कोहोल यांमुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. बिघडलेली बिअर बहुधा आंबट लागते आणि मोरीत जाते.

तिसरा आक्षेप कोणत्याही तांत्रिक उत्तराने मिटत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या राज्यात गावोगाव आहेत, आणि आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडणाऱ्या बायकांना ‘हौस’ हा शब्द चीड आणणारा वाटला तर ती चीड रास्त आहे. म्हणून जिथे दारूबंदी आहे तिथे ही सवलत नसावी, आणि बिअरसाठी असलेली २१ वर्षांची वयोमर्यादा इथेही लागू असावी. मात्र त्या बायकांचा लढा प्रामुख्याने अड्ड्याशी आहे, उधारीवर ग्लास पुढे करणाऱ्याशी आहे. धान्य भिजवण्यापासून ग्लास भरण्यापर्यंत तीन-चार आठवडे थांबायला लावणारी आणि दिवसभर भांडी घासायला लावणारी बिअर हे झटपट नशेचे साधन नव्हे. व्यसनी माणसाला कोपऱ्यावरचे दुकान केव्हाही सोयीचे. काही जण जास्त पितील हे मात्र मी नाकारत नाही.

अंमलबजावणीचे काय? कुणाच्या घरात किती लिटर आंबते आहे हे कोण मोजत बसणार, असे विचारले जाईल. अमेरिकेतही दारोदार जाऊन कुणी मोजत नाही. मर्यादा असते ती विक्रीच्या बेताने साठा करणाऱ्याला पकडण्यासाठी. आजच्या कलमाने होणारा घोळ मात्र मोठा आहे, कारण तांब्याचे वेटोळे बिअर निववायलाही लागते आणि हातभट्टीलाही. नुसते वेटोळे पाहून काहीच ठरत नाही. उघड्या पातेल्यात बुडवलेले, आतून नळाचे पाणी वाहणारे वेटोळे वेगळे आणि झाकण लिंपलेल्या भांड्यातून वाफ वाहून नेणारे वेगळे, हा फरक खात्याच्या कुठल्याही शिपायाला सांगावा लागणार नाही. कलम ६५ मध्ये ताडीच्या शेजारी आणखी एक अपवाद घालता येईल: घरच्या वापरापुरते, ठरावीक लिटरच्या आतले, विक्रीसाठी नसलेले, आंबवून केलेले पेय आणि त्याची भांडी. वाफेची नळी या अपवादाबाहेरच राहील.